विणीच्या किनाऱ्यांवर पाच दिवस

पहिला दिवस : पिएद्रास ब्लांकास

किनारा दिसण्याआधी आवाज ऐकू आला. रिकाम्या पिंपावर जाड दांडक्याने संथ ठोके द्यावेत तसा, पोटात घुमणारा तो हत्ती सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या नरांचा आवाज वाऱ्याबरोबर वाहनतळापर्यंत येत होता. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन सिमियनच्या उत्तरेला सुमारे सात किलोमीटरवर, एक क्रमांकाचा महामार्ग समुद्राला इतका लगटून जातो की, गाड्या उभ्या करण्याची जागा आणि हत्ती सीलची पुळण यांच्यामध्ये एक कठडा आणि एक ठेंगणा कडा एवढेच उरते. कठड्यापाशी गेल्यावर खाली वाळू अशी फारशी दिसलीच नाही. दिसल्या त्या शेकडो तपकिरी, राखी पाठी, आणि त्यांच्यामधून वळवळणारी काळी पिल्ले.

मी जानेवारीचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला होता, कारण उत्तरेकडील हत्ती सीलच्या जन्मांचा भर या सुमारास असतो. माणसाने जवळजवळ संपवलेला आणि संरक्षण मिळताच पुन्हा वाढलेला हा प्राणी आहे, आणि त्याच्या विणीपर्यंत समुद्राच्या पाण्याचे तापमान कोणत्या वाटेने पोहोचते, हे मला त्या किनाऱ्यांवर उभे राहून समजून घ्यायचे होते.

एकोणिसाव्या शतकात चरबीच्या तेलासाठी या सीलची अशी कत्तल झाली की, १८८०च्या दशकात ही जात संपली असेच मानले जाऊ लागले. १८९२ मध्ये संग्रहालयासाठी नमुने गोळा करायला निघालेल्या मोहिमेला मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर जेमतेम आठ-नऊ प्राणी आढळले, आणि त्यांतलेही सात मारले गेले. मेक्सिकोने १९२२ मध्ये त्यांना संरक्षण दिले, पुढे अमेरिकेनेही दिले, आणि वाचलेल्या मूठभर प्राण्यांपासून संख्या वाढत वाढत आज दीड लाखाच्या वर गेली आहे. पिएद्रास ब्लांकासला १९९० मध्ये सुमारे दोन डझन सील प्रथम येऊन विसावले आणि १९९२ मध्ये येथे पहिले पिल्लू जन्मले. मी ज्या कठड्याला टेकून उभी होते, त्याच्या खालच्या गर्दीचे वय त्या हिशेबाने एका माणसाच्या तारुण्याएवढेच आहे.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास अगदी कठड्याखालची एक मादी अस्वस्थ झाली. ती पुनःपुन्हा मागचे पंख उचलत होती आणि वाळूवर उलटसुलट वळत होती. काही मिनिटांत, कोणताही गाजावाजा न होता, एक काळे, ओले, सुरकुतलेल्या कातडीचे पिल्लू वाळूवर घसरून आले; अंगापेक्षा कातडी दोन माप मोठी शिवली असावी तसे ते दिसत होते. मादी झटकन वळली आणि पिल्लाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडू लागली, पिल्लानेही बारीक आवाजात उत्तर दिले, आणि त्याच वेळी वारेसाठी समुद्रपक्ष्यांची झुंबड उडाली. शेजारी उभ्या असलेल्या निळ्या जाकिटातल्या स्वयंसेविका म्हणाल्या की, ही हाकांची देवाणघेवाण म्हणजे ओळख पक्की करणे आहे; पुढचे चार आठवडे या गर्दीत आई आणि पिल्लू एकमेकांना आवाजाने आणि वासाने शोधणार.

त्या चार आठवड्यांत मादी काहीही खात नाही. जन्मताना पस्तीस-चाळीस किलोचे असलेले पिल्लू दूध तुटेपर्यंत सुमारे एकशे तीस किलोचे होते, आणि शेवटी शेवटी तर निम्म्याहून अधिक चरबीच असलेले ते दूध मादीच्या स्वतःच्या अंगातून येते; दूध पाजून ती परतते तेव्हा तिचे वजन चाळीस टक्क्यांच्या आसपास घटलेले असते. म्हणजे येथे वाळूवर जे दूध दिसते, ते आधीच्या सात-आठ महिन्यांत, येथून हजारो किलोमीटर दूर, उत्तर प्रशांत महासागराच्या खोल पाण्यात कमावलेले असते. त्या काळात ती पाचशे-सहाशे मीटर खोल, एकेका बुडीला वीस मिनिटे, दिवसाचे वीस तास किंवा त्याहूनही अधिक वेळ अन्नाच्या शोधात असते, आणि दिवसाला हजार ते दोन हजार बारीक मासे गिळते, असे तिच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांनी दाखवले आहे. आजच्या पिल्लाच्या पोटात जाणारे दूध पातळ की दाट, पुरेसे की अपुरे, हे गेल्या उन्हाळ्यातल्या आणि शरदातल्या समुद्राने ठरवलेले आहे.

दुसरा दिवस : पिएद्रास ब्लांकासच

सकाळी उधाणाची भरती होती. कालची रुंद पुळण आज कड्याच्या पायथ्याला चिकटलेल्या पट्टीएवढी उरली होती, आणि प्रत्येक मोठ्या लाटेबरोबर माद्यांची अख्खी रांग एकमेकींच्या अंगावर सरकत होती. जागा आटली की भांडणे वाढतात, भांडणे वाढली की पिल्ले चेंगरतात. हे एका तासात मी तीनदा पाहिले.

एक पिल्लू, जन्मून चार-पाच दिवस झाले असावेत, फेसाच्या लाटेने उचलून दहा-बारा हात पलीकडे टाकले. ते जवळच्या मादीकडे सरकले आणि तिने त्याला मानेशी चावून दूर लोटले. ते दुसरीकडे गेले, तिनेही तेच केले. त्याची आई मात्र लाटेच्या या बाजूला मान उंच करून सारखी ओरडत होती, पण तिच्या आणि पिल्लाच्या मध्ये सात-आठ माद्या आणि एक मोठा नर होता. वीस-पंचवीस मिनिटांनी ओहोटी लागल्यावर ती वाट काढत गेली आणि दोघांची गाठ पडली. मी कठड्यावरचा हात तोवर काढला नव्हता. स्वयंसेवकांना मध्ये पडता येत नाही. या प्राण्यांना त्रास होईल असे काहीही करणे १९७२च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने मना आहे, आणि माणूस खाली उतरला तर होणारी पळापळ पाच पिल्लांना चिरडील, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

तापमानाची पहिली वाट मला येथे डोळ्यांनी दिसली. एल निनोच्या वर्षी विषुववृत्ताकडचे उबदार पाणी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने वर सरकते; गरम पाणी फुगते, आणि किनाऱ्यालगत समुद्राची पातळी महिनोन् महिने वीतभरापर्यंत चढलेली राहते. त्यातच वादळांच्या वाटा दक्षिणेकडे वळतात. नेमके जन्मांच्या महिन्यांत उधाण, चढलेली पातळी आणि वादळी लाटा एकत्र आल्या की, पोहायला न शिकलेली, अंगावर चरबी न धरलेली पिल्ले वाहून जातात, गारठतात किंवा आईपासून तुटून उपाशी मरतात. १९८३च्या जानेवारीत आन्यो नुएव्हो बेटावर हेच घडले, आणि १९९८ मध्ये अनेक किनाऱ्यांवर पुन्हा घडले. संख्या वाढल्यामुळे या धोक्याला धार आली आहे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. विरळ कळपाला लाट आली तर मागे सरकायला जागा असते. गच्च भरलेल्या पुळणीवर मागे दुसरी मादी असते आणि तिच्या मागे कडा.

दुपारी ऊन पडले. लगेच सगळ्या पुळणीवर एक वेगळीच हालचाल सुरू झाली : पुढच्या पंखांनी ओली वाळू उपसून स्वतःच्या पाठीवर फेकणे. शरीर जाड चरबीत गुंडाळलेले असल्यामुळे थंड पाण्यात तगणाऱ्या या प्राण्याला कोरड्या वाळूवर उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. मेक्सिकोच्या ज्या बेटांवरून ही जात पुन्हा पसरली, तेथे अलीकडच्या काळात जन्म घटत गेल्याची नोंद आहे, आणि वाढती उष्णता हे त्यामागचे एक कारण असावे, असे अभ्यासकांना वाटते.

तिसरा दिवस : मॉन्टेरे

बिग सरचा किनारी रस्ता दरडींमुळे पुष्कळदा बंद असतो, म्हणून मी आतल्या बाजूने सलिनास खोऱ्यातून मॉन्टेरे गाठले. प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

मॉन्टेरेच्या दगडी धक्क्यावर कॅलिफोर्नियाचे समुद्रसिंह पहुडलेले होते. हे सीलचे चुलत भाऊबंद. कानाच्या पाळ्या बाहेर दिसतात आणि चारी पंखांवर चालता येते, एवढ्यावरून ते ओळखता येतात. येथे विसावलेले बहुतेक नर होते, कारण त्यांच्या माद्या जूनमध्ये दक्षिणेकडच्या चॅनेल बेटांवर वितात आणि हिवाळ्यातही पिल्लांना तेथेच पाजत असतात. वीण येथे दिसत नसतानाही मी येथे थांबले, कारण हत्ती सीलचे वेगळेपण समुद्रसिंहाशेजारी ठेवल्याखेरीज नीट कळत नाही.

हत्ती सीलची मादी वर्षभराची शिदोरी अंगावर बांधून किनाऱ्यावर येते. समुद्रसिंहाची मादी रोजच्या कमाईवर संसार करते : पिल्लाला बेटावर ठेवून दोन-चार दिवस जवळच्या पाण्यात सार्डिन, अँकोव्ही, स्क्विड यांची शिकार करायची, परत येऊन पाजायचे, पुन्हा जायचे, असे दहा-अकरा महिने. त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी तापले आणि मासळी खोल किंवा लांब गेली की, त्याचा फटका पिल्लाला त्याच आठवड्यात बसतो. आई उशिरा येते, दूध कमी येते, पिल्लू वाढत नाही. २०१३ पासून उत्तर-पूर्व प्रशांत महासागरात पाणी असामान्य तापत गेले आणि २०१४ ते २०१६ या काळात सागरी उष्णतेची अशी मोठी लाट टिकून राहिली की तिला ‘ब्लॉब’ असे नावच पडले. त्या वर्षांत हाडांचा सापळा झालेली समुद्रसिंहांची हजारो पिल्ले दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवर येऊन पडली, आणि सावरत असलेल्या ग्वादालुपे फर सीलच्या पिल्लांवरही तीच वेळ आली.

समुद्रसिंहांची संख्या १९७५ मध्ये नव्वद हजारांच्या आत होती, ती २०१२ पर्यंत तीन लाखांवर पोहोचली आणि पुढच्या दोनच वर्षांत अडीच लाखांच्या घरात खाली आली. १९७५ ते २०१४ या काळाच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा आहे की, चॅनेल बेटांभोवतीचे पृष्ठभागाचे पाणी नेहमीपेक्षा एक अंशाने तापले तर संख्येची वाढ थांबते, आणि दोन अंशांनी तापले तर ती वर्षाला सुमारे सात टक्क्यांनी घटू लागते. धक्क्यावर उन्हात पसरलेल्या त्या धष्टपुष्ट नरांकडे पाहताना ‘एक अंश’ हा शब्द मला फार लहान वाटेनासा झाला.

चौथा दिवस : आन्यो नुएव्हो

सेबास्तियान विस्काइनोची जहाजे १६०३च्या ३ जानेवारीला या भूशिरावरून गेली, म्हणून त्याचे नाव आन्यो नुएव्हो, म्हणजे नवे वर्ष. समोरच्या बेटावर १९५५ मध्ये हत्ती सील प्रथम दिसले, १९६१ मध्ये तेथे पहिले पिल्लू जन्मले, आणि बेट अपुरे पडू लागल्यावर १९७५ मध्ये मुख्य भूमीवरही जन्म झाला. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे संशोधक १९६०च्या दशकापासून येथे दर हिवाळ्यात नोंदी घेत आले आहेत. मला या प्रवासात सर्वांत जास्त याच जागेची ओढ होती.

हिवाळ्यात येथे वाटाड्याशिवाय जाता येत नाही. सुमारे पाच किलोमीटरची ही चाल वाळूच्या टेकड्यांवरून जाते आणि सील वाटेतच झोपलेले असतात, म्हणून वाटाड्या पुढे जाऊन वाट मोकळी आहे की नाही ते पाहून येतो. एका टेकडीच्या उतारावर दहा-बारा पिल्ले नुसतीच पडलेली होती, जवळ एकही मादी नव्हती. ही दूध तुटलेली पिल्ले. काळी लव गळून खालची रुपेरी लव दिसू लागली होती, आणि मान कोठे संपते व धड कोठे सुरू होते ते सांगता येणार नाही इतकी ती गोल झाली होती. आई एके दिवशी न सांगता समुद्रात निघून जाते. त्यानंतर दोन-अडीच महिने पिल्लू या चरबीवरच जगते आणि उथळ पाण्यात बुड्या मारायला स्वतःच शिकते.

खालच्या सपाटीवर दोघे संशोधक एका पिल्लाचे वजन करत होते, आणि आमच्या वाटाड्याने आम्हांला तेथे थांबू दिले. त्यांनी एक जाड कापडी पिशवी वाळूवर पसरली आणि एकाने मागून येऊन ती पिल्लाच्या डोक्यावरून खाली ओढली. अंधार होताच पिल्लू शांत झाले. मग तीन पायांच्या उंच तिवईला अडकवलेली साखळी दोघांनी मिळून ओढली, पिशवी वाळूपासून वीतभर वर उचलली गेली, डोलली आणि स्थिर झाली, एकाने काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि दुसऱ्याने वहीत लिहिला. मागच्या पंखाला बिल्ला लावून पिशवी काढली, तेव्हा पिल्लाने एकदा शिंकून वाळू उडवली आणि ते पुन्हा आडवे झाले. सगळे मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत.

हा एक आकडा किती बोलतो, ते वाटाड्याने सांगितलेल्या इतिहासावरून कळले. १९७५ पासून जवळजवळ पाव शतक येथे दूध तुटलेल्या पिल्लांचे सरासरी वजन घसरत गेले, आणि शेवटी ते सुमारे एक पंचमांशाने कमी झाले होते. त्याच काळात उत्तर प्रशांत महासागर आपल्या दीर्घ, दशकांच्या चक्रातल्या उबदार टप्प्यात होता. १९९९ नंतर तो थंड टप्प्याकडे वळला, आणि पुढच्या काही वर्षांत पिल्लांचे वजन पुन्हा चढू लागले. १९९७-९८च्या एल निनोत समुद्रातून परतलेल्या माद्यांनी नेहमीपेक्षा अधिक काळ समुद्रात काढूनही वजन कमी धरले होते. या काळात कळपही वाढत होते, तेव्हा गर्दीचा वाटा किती आणि समुद्राचा किती, हे वेगळे करणे सोपे नाही. परंतु कळप वाढत असतानाच वजन पुन्हा सुधारले, यावरून समुद्राचा वाटा मोठा असला पाहिजे, असे मला वाटते.

पण पाचशे मीटर खोलीवर, जेथे उन्हाचा स्पर्श नाही आणि पाणी बारा महिने थंडच असते, तेथे शिकार करणाऱ्या मादीला पृष्ठभागाच्या तापमानाशी काय देणेघेणे, असा प्रश्न मी परतीच्या वाटेवर विचारला. उत्तर असे मिळाले की, उबदार पाणी हलके असल्यामुळे वर झाकणासारखे बसते. खालच्या थंड पाण्यातली पोषक द्रव्ये मग उजेडापर्यंत पोहोचत नाहीत, सूक्ष्म वनस्पती कमी उगवतात, त्यांवर जगणारे बारीक जीव घटतात, आणि रात्री वर येऊन ते खाणारे व दिवसा खोल जाणारे छोटे मासे काही काळाने विरळ होतात. शिवाय उत्तरेचे थंड आणि दक्षिणेचे उबदार पाणी जेथे भेटते, त्या सुपीक पट्ट्यात या माद्या चरतात, आणि पाणी तापले की तो पट्टाच उत्तरेकडे सरकतो. मादीला अधिक लांब जावे लागते आणि तेवढेच लांब परत यावे लागते. खोली तिला काही काळ वाचवते, म्हणूनच ‘ब्लॉब’च्या वर्षांत समुद्रसिंहांसारखी तिची पिल्ले किनाऱ्यावर उपाशी सापडली नाहीत. फटका उशिरा आणि हळू बसतो, आणि तो मृत्यूंच्या मोजणीत न दिसता वजनाच्या वहीत दिसतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर संशोधकांनी याच वहीचा उलटा उपयोग केला : जहाजांना सहज मोजता न येणाऱ्या त्या संधिप्रकाशाच्या थरात मासे किती आहेत, याचा अंदाज त्यांनी मादीने धरलेल्या वजनावरून बांधला.

पाचवा दिवस : पॉइंट रेयेस

सॅन फ्रान्सिस्को ओलांडून पॉइंट रेयेसला पोहोचेपर्यंत पाऊस लागला. येथे दीडशे वर्षांहून अधिक काळ हत्ती सील नव्हते. १९८१ मध्ये चिमनी रॉकजवळच्या एका आडबाजूच्या पुळणीवर विणीसाठी आलेली पहिली जोडी आढळली. १९९२, १९९४ आणि १९९८च्या वादळांत येथली पुष्कळ पिल्ले गेली, आणि मूळची अरुंद जागा सोडून माद्या हळूहळू आसपासच्या पुळणींवर पसरल्या. जानेवारी २०१९ मध्ये सरकारी कामकाज बंद असताना त्यांनी ड्रेक्स बीचचा वाहनतळच व्यापला, ही बातमी तेव्हा जगभर लोकांनी कौतुकाने वाचली. मला मात्र त्या बातमीत उंच, कोरडी जागा शोधणारी आई दिसते. संरक्षण म्हणजे पूर्वी शिकाऱ्याला थांबवणे होते. आता चढत्या समुद्राच्या काठावर त्या आईला मागे सरकायला जागा मोकळी ठेवणे, हेही त्यात आले पाहिजे. वाहनतळाच्या डांबरापेक्षा त्या जागेचा हक्क तिचा अधिक आहे, असे मी मनापासून म्हणते.

चिमनी रॉकच्या वाटेवरच्या सज्जावर एक रेंजरबाई छत्री मानेत अडकवून दुर्बिणीने मोजणी करत होत्या. त्यांच्या वहीत चार रकाने होते : नर, माद्या, आईजवळची पिल्ले, दूध तुटलेली पिल्ले. त्यांनी मला घोळक्याच्या कडेची एक मादी दाखवली. तिची मान बारीक झाली होती, खुब्याची हाडे कातडीखाली जाणवत होती, आणि तिच्या शेजारचे पिल्लू तिच्या निम्म्याहून कमी लांबीचे असूनही भरलेल्या गोणीसारखे दिसत होते. पाण्याकडे जाण्यापूर्वीच तिचा नराशी संग झालेला असणार. पण तो गर्भ काही महिने तसाच न रुजता राहतो आणि वसंतात, अंगावरची कात टाकायला ती पुन्हा किनाऱ्यावर येईल त्या सुमारास रुजतो. त्याआधी सत्तर दिवसांच्या आसपास तिला समुद्रात पोट भरायचे आहे, आणि त्यानंतर पुन्हा सात-आठ महिने.

ती अर्ध्या तासात थांबत थांबत पाण्यापर्यंत गेली. वाटेत एका लहान नराने तिला अडवले, ती मान उचलून ओरडली, आणि मोठा नर हलताच लहान नर बाजूला झाला. पहिल्या लाटेत ती जड वाटली, दुसरीत दिसेनाशी झाली. पिल्लाने दोनदा हाक मारली, मग वाळूवर हनुवटी टेकून डोळे मिटले. रेंजरबाईंनी पाच मिनिटे दुर्बीण पाण्यावरच धरून ठेवली, आणि मग वहीत माद्यांच्या आणि आईजवळच्या पिल्लांच्या रकान्यांतले आकडे एकेकाने कमी करून शेवटच्या रकान्यात एक वाढवला.